घारापुरीची हरवलेली शिळा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

 

संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा काळ मोठा असतो. दगडाच्या जीवनात तो निमिषाएवढाही नसतो. तरीही मंदिरे दगडाचीच बांधली जातात आणि दात्यांची नावे दगडावरच कोरली जातात. माणूस जाईल, दगड राहील, हा त्यामागचा विश्वास. हा विश्वास कितपत खरा आहे, दगड केव्हा बोलतो आणि केव्हा कायमचा मुका होतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पनवेलची खाडी जेथे मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते, तेथून पुढे न्हावा-शेव्यासमोर घारापुरीचे बेट आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने या बेटावरील लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. देशोदेशीचे प्रवासी तेथील सुमारे वीस फूट उंचीच्या त्रिमुख सदाशिवापुढे स्तब्ध उभे राहतात. त्यांनी जे पाहिले ते भव्यच आहे. परंतु एकेकाळी या बेटावर असलेल्या आणि आज तेथे नसलेल्या तीन दगडांची आठवण फार थोड्यांना असते.

अक्षरांपूर्वीचे पाषाण

दगड जागेवरून हलला तर नेमके काय हरवते, हे समजण्यासाठी प्रथम ज्या दगडांवर एकही अक्षर नाही अशा दगडांकडे पाहावे लागेल. लिपीचा शोध लागण्यापूर्वी, किंवा जेथे लिपी पोहोचली नव्हती अशा प्रदेशांत, माणसाने मोठमोठे पाषाण उभे केले. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील स्टेननेस या ठिकाणचे उभ्या पाषाणांचे वर्तुळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे. या वर्तुळाच्या जवळच एक एकाकी पाषाण उभा होता. त्याला आरपार छिद्र होते. गावातील लोक त्याला ‘ओडिनचा पाषाण’ म्हणत. विवाहोत्सुक तरुण-तरुणी त्या छिद्रातून एकमेकांचे हात हातात घेत आणि वचन देत; ते वचन मोडणे मोठे पातक समजले जाई.

डिसेंबर १८१४ मध्ये मॅके नावाच्या एका खंडकरी शेतकऱ्याने हा पाषाण फोडून टाकला. लोकांची सततची ये-जा त्याला नकोशी झाली होती, असे सांगितले जाते. तो बाहेरगावचा होता; त्याच्या दृष्टीने तो केवळ शेतातील अडथळा होता. वर्तुळातील आणखी एक पाषाण त्याने नष्ट केला, एक पाडला. मग मात्र संतप्त लोकांनी त्याला थांबविले. हजारो वर्षांचे वादळवारे ज्या पाषाणाने सोसले, तो काही तासांत संपला. लोकांना राग आला, पण दगड परत आला नाही.

असेच अक्षरहीन पाषाण महाराष्ट्रातही आहेत. नागपूरजवळ काटोल रस्त्याला जुनापाणी हे ठिकाण आहे. तेथे दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. लोहयुगाच्या आरंभीच्या काळात, म्हणजे सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी, विदर्भातील लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ अशी वर्तुळे रचीत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये त्यांतील काही उकरली. पुढे १९६१ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. मृदभांडी, लोखंडी हत्यारे, तांब्याच्या वस्तू आणि घोड्यांचे अवशेष या संस्कृतीच्या दफनांत आढळले आहेत.

जुनापाणीच्या काही पाषाणांवर वाटीसारखे लहान लहान खळगे कोरलेले आहेत. अलीकडच्या अभ्यासकांनी त्यांची दिशा मोजून पाहिली, तेव्हा ते वर्तुळात कोठेही नसून ठरावीक दिशांनाच असल्याचे त्यांना दिसले. ऋतुमानाची गणना करण्याशी त्यांचा संबंध असावा असा तर्क त्यावरून मांडला गेला. तर्क खरा असो वा नसो, त्यातून एक गोष्ट मात्र निश्चित शिकण्यासारखी आहे. यांतील एखादा खळग्यांचा दगड उचलून दुसरीकडे ठेवला, तर दगड तोच राहील, खळगेही तेच राहतील, परंतु दिशा नाहीशी होईल आणि दिशेबरोबर अर्थही नाहीसा होईल. ज्या दगडावर अक्षर नाही, त्याची जागा हेच त्याचे अक्षर असते.

बेटावरील तीन दगड

आता पुन्हा घारापुरीकडे येऊ. येथील मुख्य लेणे बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनाच्या सहाव्या शतकातील आहे. बेटाच्या किनाऱ्यावर, राजबंदरच्या बाजूला, काळ्या पाषाणातून घडविलेला एक भव्य हत्ती उभा होता. लांबी तेरा फुटांहून अधिक, उंची सात फुटांहून अधिक. समुद्रमार्गे येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम त्याचेच दर्शन होई. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात या हत्तीवरूनच बेटाला ‘एलेफंटा’ हे नाव दिले. हत्तीपासून काही अंतरावर एक दगडी घोडाही होता. सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी त्याचा उल्लेख केला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या प्रवाशांना मात्र तो दिसला नाही. तो कोणी नेला, फोडला की समुद्रात लोटला, याची कोठेही नोंद नाही. नोंदीविना वस्तू नाहीशी होते तेव्हा तिचे जाणेसुद्धा इतिहासाच्या हाती लागत नाही.

हत्तीची कथा नोंदलेली आहे, आणि ती खेदजनक आहे. सप्टेंबर १८१४ मध्ये त्याचे मस्तक व मान गळून पडली. दूर ऑर्कनीत ओडिनचा पाषाण फुटला तेही याच वर्षी, अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने. पुढे हत्तीचे धडही जमिनीत खचू लागले. १८६४ मध्ये त्याचे अवशेष बेटावरून उचलण्यात आले. इंग्लंडला पाठविण्यासाठी उचलतानाच त्याचे तुकडे झाले, असे सांगितले जाते. हे तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात आले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही पाहता येतो. ज्याच्या नावाने बेट जगभर ओळखले जाते, तो हत्ती बेटावर नाही. आणि जेथे तो आहे, तेथे तो सागराकडे का पाहत होता हे कळण्यास काही मार्ग नाही.

तिसरा दगड सर्वांत मोलाचा. लेण्याच्या प्रवेशद्वारावर एक मोठा शिलालेख होता. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात लिहिणाऱ्या दिओगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराने त्याची हकिकत दिली आहे. पोर्तुगीजांनी वसईचा मुलूख ताब्यात घेतल्यानंतर ही शिळा काढण्यात आली. ती वाचू शकेल असा माणूस शोधण्यात आला. हिंदू वा मुसलमान, कोणालाही ती वाचता आली नाही. मग ती पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआँवकडे, पाठविण्यात आली. तेथेही कोणाला वाचता आली नाही. त्यानंतर तिचा मागमूस लागलेला नाही.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. त्या काळी जुनी लिपी विस्मृतीत गेली होती, हे खरे. परंतु लिपी कायमची गेली नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीची मुळाक्षरे उलगडली आणि पुढील काही दशकांत भारतातील हजारो लेख वाचले गेले. घारापुरीची शिळा जागेवर राहिली असती, तर वाचली गेली असती. लेणे कोणी खोदविले, केव्हा खोदविले, कोणासाठी खोदविले, या प्रश्नांची उत्तरे तिच्यात असण्याचा मोठा संभव होता. आज कोणी ते श्रेय कलचुरींना देतात, कोणी कोकणच्या मौर्यांना, कोणी आणखी कोणास. बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांवरून पुष्कळ अभ्यासकांचा कल कलचुरींकडे आहे; परंतु कल म्हणजे निर्णय नव्हे. ‘आज कोणाला वाचता येत नाही’ या एका कारणासाठी जो दगड हलविला गेला, तो उद्या वाचता आला असता. एका पिढीचे अज्ञान पुढील सर्व पिढ्यांवर लादले गेले.

जिनमंदिराने राखलेला शब्द

घारापुरीची स्वतःची वाणी हरपली. परंतु तिच्याविषयीचा एक महत्त्वाचा शब्द जेथे जतन झाला असावा, ते स्थान जैन समाजाला अभिमान वाटावा असे आहे. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात ऐहोळे हे गाव आहे. तेथील टेकडीवर मेगुती नावाने ओळखले जाणारे जिनमंदिर आहे. शके ५५६ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३४ च्या सुमारास, रविकीर्ती या जैन कवीने ते उभारले आणि मंदिराच्या भिंतीवरील शिळेवर स्वतः रचलेली संस्कृत प्रशस्ती कोरविली. हा रविकीर्ती चालुक्यसम्राट दुसऱ्या पुलकेशीच्या आश्रयास होता.

या प्रशस्तीत पुलकेशीने कोकणच्या मौर्यांचा पराभव केल्याचे आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या ‘पुरी’ नगरीला शेकडो नौकांनी वेढल्याचे वर्णन आहे. कवीने त्या नौकांना मदमत्त हत्तींची उपमा दिली आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे अनेक अभ्यासकांनी मानले; काहींनी जंजिऱ्याजवळची राजपुरी सुचविली. बेटावरील शिलालेख हाती असता, तर हा वाद मिटण्यास कदाचित मोठेच साहाय्य झाले असते.

याच शिळेवर रविकीर्तीने आपली तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी केली आहे. या एका उल्लेखामुळे हे दोन महाकवी सातव्या शतकाच्या पूर्वार्धापूर्वी होऊन गेले, हे निर्विवादपणे सिद्ध होते. संस्कृत साहित्याच्या इतिहासातील हा एक पक्का खिळा एका जिनमंदिराच्या भिंतीत ठोकलेला आहे. राज्ये गेली, भाषा बदलल्या, लिपी विसरली गेली. तरी ती शिळा तिच्या भिंतीत राहिली, म्हणून ती बोलली. दोन्ही शिळा एकाच पश्चिम भारतातील, काळाच्या दृष्टीनेही एकमेकींपासून फार दूर नव्हेत. एक हलली, म्हणून मुकी झाली. दुसरी राहिली, म्हणून साऱ्या देशाची साक्षीदार ठरली.

सामान्य श्रावकांची साक्ष

कोणी म्हणेल, ही राजे आणि महाकवींची गोष्ट झाली. साध्या पाटावर, पबासणावर किंवा धातुप्रतिमेच्या पाठीवर कोरलेल्या दोन ओळींचे काय मोल? याचे उत्तर मथुरेने दिले आहे. तेथील कंकाली टीला या टेकाडावर १८८८ ते १८९१ या काळात उत्खनन झाले आणि प्राचीन जैन स्तूपाचे व मंदिरांचे अवशेष मिळाले. प्रतिमांच्या बैठकीवर कुषाणकालीन लेख होते. ते कोणा सम्राटाचे नव्हते. व्यापाऱ्यांच्या पत्नी, कारागिरांच्या कन्या, सामान्य श्रावक-श्राविका यांचे ते होते. कोणाच्या उपदेशाने प्रतिमा भरविली हे सांगताना त्यांनी त्या साधूंचे गण, कुल आणि शाखा कोरविल्या होत्या.

जॉर्ज ब्यूलर या जर्मन पंडिताने हे लेख वाचले, तेव्हा त्यांतील गण, कुल व शाखांची नावे कल्पसूत्रातील स्थविरावलीशी जुळत असल्याचे दिसून आले. जैन धर्म हा बौद्ध धर्माची शाखा आहे, असे मानणारे काही युरोपीय विद्वान त्या काळी होते. जैन परंपरेने जपलेली गुरुपरंपरा कल्पित नाही, याचा दगडी पुरावा त्या अनाम श्राविकांच्या दोन-दोन ओळींनी दिला. मात्र त्याच उत्खननाने दुसरा धडाही दिला. कोणती प्रतिमा नेमक्या कोणत्या जागी, कोणत्या थरात मिळाली, याची काळजीपूर्वक नोंद तेव्हा ठेवली गेली नाही. अक्षरे वाचली; जागा हरवली. त्या स्तूपाच्या रचनेविषयीच्या किती तरी प्रश्नांना त्यामुळे आता उत्तर मिळणे कठीण आहे.

पनवेलहून घाट चढून गेले की मावळ तालुका लागतो. तेथील पाले गावच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्याच्या भिंतीवरील ब्राह्मी लेखाचा आरंभ ‘नमो अरहंतानं’ या वंदनाने होतो. इंद्ररक्षित नावाच्या व्यक्तीने लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याचे त्यात म्हटले आहे. हा लेख इसवी सनापूर्वीच्या शतकांतील मानला जातो, आणि महाराष्ट्रातील जैन धर्माचा तो अत्यंत प्राचीन पुरावा होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे मांडला. दोन हजारांहून अधिक वर्षे तो ऊनपावसात तेथेच राहिला. कोणी त्यावर चुना फासला असता, तर महाराष्ट्रातील जैन धर्माच्या इतिहासाचे पहिले पान कोरे राहिले असते.

जीर्णोद्धार आणि आशातना

आता विषय संघाच्या दारात येऊन पोहोचतो. जीर्णोद्धार हे महान पुण्यकार्य आहे. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुन्या मंदिराचा उद्धार करण्याचे फळ कित्येक पटींनी अधिक, असे शास्त्रकार सांगतात. परंतु जीर्णोद्धाराच्या उत्साहात गावोगाव काय घडते, हेही पाहिले पाहिजे. जुन्या लेखावर संगमरवरी लादी बसते. शिळेवर ऑइलपेंटचे थर चढतात. मूळ पबासण बदलताना त्यावरील लेखाची नक्कलही घेतली जात नाही. दात्याच्या नावाची जुनी तक्ती नव्या तक्तीसाठी उतरविली जाते आणि बांधकामाच्या राडारोड्याबरोबर जाते. धातुप्रतिमांच्या पाठीवर संवत, तिथी, श्रावकाचे नाव, ज्ञाती, गाव, प्रतिष्ठा करणारे आचार्य आणि त्यांचा गच्छ कोरलेला असतो. रोजच्या प्रक्षालात वाळाकुंचीच्या घर्षणाने ती अक्षरे वर्षानुवर्षे झिजत जातात. हे कोणी द्वेषाने करीत नाही. मॅकेला पाषाण अडथळा वाटला, पोर्तुगीजांना शिळा कुतूहलाची वस्तू वाटली. येथे तर भक्तीच्याच हातून अक्षर पुसले जाते. अक्षराला मात्र हेतू कळत नाही. ते पुसले की पुसले.

जैन परंपरेत ज्ञानाच्या साधनांचा अनादर ही ज्ञानाची आशातना मानली जाते. अक्षर लिहिलेल्या कागदाला पाय लागला तरी श्रावक हळहळतो. मग पूर्वजांनी दगडात आणि धातूत कोरलेले अक्षर झाकणे, झिजविणे, फेकून देणे ही आशातना नव्हे काय? हाच विचार मनात ठेवून विसाव्या शतकाच्या आरंभी आचार्य बुद्धिसागरसूरी, मुनी जिनविजय आणि पूरणचंद नाहर यांनी गावोगावचे प्रतिमालेख गोळा करून प्रसिद्ध केले. त्यानंतर ज्या प्रतिमांचे लेख झिजले, त्यांची अक्षरे आज केवळ अशा संग्रहांतच वाचता येतात.

पनवेल परिसराला तर हे काम अधिकच तातडीचे आहे. बंदराचे जुने गाव महानगराचा भाग झाले आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळविला गेला. २०२४ पासून अटल सेतू घारापुरीच्या परिसरातील पाण्यावरून शिवडीला न्हावा-शेव्याशी जोडत आहे. वाड्या जातात, इमारती येतात. घरदेरासरातील प्रतिमा एका घरातून दुसऱ्या घरात, एका गावातून दुसऱ्या गावात जातात. प्रतिमेचे स्थलांतर पुष्कळदा अपरिहार्य असते. परंतु ती कोठून आली, कोणत्या दिशेस तोंड करून विराजमान होती, शेजारी कोण होते, एवढे तरी तिच्याबरोबर लिहून जावे.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. संघाने पुढील नियम स्वतःला घालून घ्यावेत. कोणतेही बांधकाम, उत्थापन वा रंगकाम आरंभण्यापूर्वी प्रत्येक लेखाचे छायाचित्र तिरप्या प्रकाशात घ्यावे, म्हणजे झिजलेले अक्षरही उठून दिसते. शक्य तेथे जाणकाराकडून कागदावर शाईचा ठसा घ्यावा. लेखाची नक्कल जशी आहे तशी, अशुद्धे न सुधारता, उतरवावी. लेखाची जागा, दिशा आणि मापे नकाशावर नोंदवावीत. या नोंदींच्या तीन प्रती कराव्यात : एक पेढीत, एक ज्ञानभंडारात आणि एक एखाद्या संशोधन संस्थेत. शंभर वर्षांहून जुन्या प्रतिमा १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात, याचे भान विश्वस्तांनी ठेवावे. आणि जो लेख कोणालाही वाचता येत नाही, तो सर्वांत अधिक जपावा. घारापुरीचा धडा हाच आहे.

दरवर्षी कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीस, ज्ञानभंडारातील पोथ्यांची पूजा होते. त्याच दिवशी संघातील तरुणांनी एका तरी लेखाची नोंद पूर्ण करावी. भिंतीतील अक्षर हीदेखील पोथीच आहे. तिला वेष्टन नाही एवढेच. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या संस्थेच्या पन्नास वर्षांतील दात्यांची, प्रतिष्ठांची, चातुर्मासांची नोंद तयार झाली, तर शताब्दी साजरी करणाऱ्या पिढीला तर्क करावा लागणार नाही. तिला वाचता येईल.

घारापुरीची शिळा कदाचित अद्यापही परदेशातील एखाद्या तळघरात, एखाद्या भिंतीच्या पायात, मूकपणे पडून असेल, कदाचित नसेलही. तिला परत आणणे कोणाच्या हाती नाही. संघाच्या स्वतःच्या भिंतींतील अक्षरे मात्र आज जागेवर आहेत, आणि ती राखणे पूर्णपणे संघाच्याच हाती आहे.

जय जिनेंद्र!